सफरजन म्हणा नाहीतर सफरचंद, मार्क मिळायला हवा

संपादकांस,
स.न.वि.वि.

मागच्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंची स्मरणशक्तीची टेस्ट झाली, ३० पैकी १४ मार्क पडले. तीन आठवड्यांनी तीच टेस्ट परत झाली तेव्हा २१ पडले. मधल्या दिवसांत एक गोळीसुद्धा सुरू झाली नव्हती, फक्त रक्ताच्या तपासण्या चालल्या होत्या. पहिली टेस्ट गुजरातीत झाली आणि दुसरी मराठीत, एवढंच काय ते वेगळं होतं. त्या सात मार्कांसाठी हे पत्र लिहितेय, कारण बडोद्यात आमच्यासारखी घरं खूप आहेत आणि बहुतेकांना दुसरी टेस्ट मागता येते हेच माहीत नसतं, मलाही नव्हतं.

सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. वय ८३, माहेर मिरज, १९६१ साली लग्न होऊन बडोद्याला आल्या त्या इथल्याच झाल्या. गुजराती अशी फर्डी बोलायच्या की खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी भाव करताना ऐकलं तर कोणी म्हणणार नाही ह्या मराठी म्हणून. पण गुजराती लिहायला वाचायला कधी शिकल्या नाहीत, गरजच पडली नाही ना, घरात मराठी, दांडिया बाजारातल्या शेजारात मराठी, भजनी मंडळ मराठी, माहेरची पत्रं मराठी. बसची पाटी तेवढी अंदाजाने ओळखायच्या. आणि आता आजारात असं झालंय की जे नंतर शिकल्या ते आधी चाललंय. गेली दोन वर्षं गुजराती बोलणाऱ्याकडे नुसतं बघत राहतात, कधी कधी "हो हो" करतात आणि आमच्याकडे बघतात. मराठीत बोललं की चेहरा बदलतो. डॉक्टर म्हणाले की असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसतं, लहानपणची भाषा सगळ्यात शेवटपर्यंत टिकते.

तर टेस्टची गोष्ट. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही कारण त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, जेमतेम पंचविशीचा डॉक्टर, बाहेर ही गर्दी, तरी बिचारा आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारत होता. "बा, हमणां कई ऋतु चाले छे?" माई गप्प. मी म्हटलं मी मराठीत विचारू का, तर म्हणाला नातेवाईकांनी मधे बोलायचं नाही, तसा नियम आहे, आणि तो नियम बरोबरच आहे म्हणा, नाहीतर आपणच उत्तरं सांगून टाकू. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यात एक सफरजन. पाच मिनिटांनी विचारलं तर माई म्हणाल्या सफरचंद. त्याने पेन उचलून क्षणभर थांबून काट मारली. मला वाटलं ओरडून सांगावं की अरे बाबा तेच ते!

मग शंभरातून सात सात वजा करत जायचं. माई म्हणाल्या "त्र्याण्णव". तो म्हणाला "बा, गुजरातीमां". आता ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांना माहीत आहे की मराठी आणि गुजराती आकडे ऐकायला किती वेगळे आहेत, एकोणऐंशीला गुजरातीत ओगणाएंशी, आणि डोक्यातला हिशेब तर माणूस ज्या भाषेत पाढे पाठ करतो त्याच भाषेत करतो. माईंनी पाढे मिरजेच्या शाळेत पाठ केलेत. त्या अडखळल्या, मग पुढचं सगळंच सुटलं.

शेवटी एक कागद पुढे केला, त्यावर गुजरातीत लिहिलेलं, "आंखो बंध करो". वाचा आणि तसं करा. माईंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मला म्हणाल्या, "अगं माझा चष्मा घरी राहिला का?" चष्मा डोळ्यावर होता. मला अजून तो क्षण आठवला की घशात येतं, त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं आणि त्यांना वाटलं आपले डोळे गेले. आणि रिपोर्टमध्ये हे असं आलं की पेशंटला लेखी सूचना समजत नाही. मग एक वाक्य लिहा म्हणाले, त्यांनी पेन धरलं आणि परत खाली ठेवलं.

१४ मार्क म्हणजे आजार मधल्या टप्प्यावर, आता फार काही करण्यासारखं नाही, सांभाळा, असं आम्हाला सांगितलं. घरी आल्यावर आमचे हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी मुळात चिकट स्वभावाची आहे म्हणून विचारत विचारत दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेले. ते गुजरातीच, पण त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला की माई घरात कुठली भाषा बोलतात. मग त्यांच्याकडच्या एका मराठी सिस्टरना बोलावलं आणि टेस्ट मराठीत घेतली, मला बाहेर बसवलं. पावसाळा बरोबर, सफरचंद बरोबर, शंभरातून सात तीन वेळा बरोबर, मराठी वाक्य ऐकून परत म्हणून दाखवलं, "डोळे मिटा" वाचून डोळे मिटले. आणि वाक्य लिहा म्हटल्यावर लिहिलं, "आज दूध उतू गेलं." खरंच गेलं होतं सकाळी! २१ म्हणजे सुरुवातीचा टप्पा. डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं की दुसऱ्यांदा तीच टेस्ट दिली की थोडे मार्क असेही वाढू शकतात, पण सगळे सात त्याने वाढत नाहीत. आजार आहे, अल्झायमरच आहे, ते मी नाकारत नाहीये. पण कुठल्या पायरीवर उभ्या आहेत हे चुकीचं कळलं की पुढचं सगळं चुकतं, गोळी कोणती, किती, त्यांना काय करू द्यायचं, बँकेच्या कागदावर सही चालेल का, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरचे लोक हात सोडून बसतात.

नंतर मी यावर बरंच वाचलं, मुलगा बंगलोरहून लिंक पाठवायचा. ही टेस्ट १९७५ साली अमेरिकेत इंग्रजीसाठी तयार झाली. त्यात एक वाक्य परत म्हणायला सांगतात ते इंग्रजीतल्या अगदी छोट्या छोट्या शब्दांचं आहे, जीभ अडखळेल असं, त्याचं भाषांतर होतच नाही, प्रत्येक भाषेत वेगळं वाक्य शोधावं लागतं. आपल्याकडे हरियाणात बल्लभगडला खेड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्या माणसांसाठी हिंदीत वेगळी टेस्ट बनवली, १९९५ साली ती छापून आली, कारण ज्याला लिहिता येत नाही त्याला वाक्य लिही म्हणून मार्क कापणं हा अन्याय आहे हे त्या लोकांना कळलं. अलीकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनेही स्मरणशक्ती तपासायच्या टेस्टांचा एक संच केला तो पहिल्यांदा पाच भाषांत, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती आणि गुजरातीही नव्हती, म्हणजे बडोद्याच्या दोन्ही भाषा बाहेर.

आणि गंमत बघा, याच देशात हैदराबादला २०१३ साली ६४८ पेशंटचा अभ्यास छापून आला, डॉ. सुवर्णा अल्लाडींचा, त्यात असं दिसलं की ज्यांना दोन किंवा जास्त भाषा येतात त्यांच्यात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसायला लागतो, आणि हे शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे माईंचं ते मार्केटातलं गुजराती नुसतं भाव पाडायच्या कामाचं नव्हतं, त्याने कदाचित त्यांना चार वर्षं जास्त दिली असतील. मग ज्या दोन भाषांनी माईंना सांभाळलं त्यातल्या एकीतच परीक्षा घेऊन त्यांना नापास का करायचं?

आता थोडं मागे जाते, कारण टेस्टपर्यंत पोहोचायलाच आम्हाला तीन वर्षं लागली आणि त्यात चूक आमची आहे. मामंजी गेल्यावर माई गप्प झाल्या. जेवण कमी, पहाटे तीनला जाग, देवघरात बसायचं सोडलं. सगळे म्हणाले दुःख आहे, होईल हळूहळू. एक वर्ष गेलं, दीड गेलं. म्हाताऱ्या माणसाला डिप्रेशन येतं आणि त्यातही विसरायला होतं, लक्ष लागत नाही, कधी कधी ते डिमेन्शियासारखंच दिसतं आणि औषधाने सुधारतं, हे तेव्हा कळलं असतं तर मी त्यांना तेव्हाच नेलं असतं. माईंना दोन्ही होतं असं आता डॉक्टर म्हणतात, डिप्रेशनच्या गोळीने झोप आणि जेवण सुधारलंय.

मग पाटल्यांचं प्रकरण झालं. माईंच्या पाटल्या सापडेनात आणि त्यांनी सरळ माझं नाव घेतलं. माझ्यासमोर नाही, फोनवर नणंदेला. तीस वर्षं मी या घरात आहे, त्यांचं दुखण्याखुपण्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं केलेलं माणूस मी, आणि माझ्या नावाने असं. नणंद नाशिकहून आल्या, खरं सांगते, त्यांच्या डोळ्यात संशय होता. पाटल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या, माईंनी स्वतःच लपवल्या होत्या चोर येतील म्हणून. परत चार महिन्यांनी तेच, यावेळी पासबुक. आज मला माहीत आहे की वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि मेंदू मधली रिकामी जागा भरून काढतो, की कोणीतरी नेली असणार, आणि "कोणीतरी" म्हणजे रोज जवळ असणारी व्यक्ती. हे या आजाराचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. पण हे कोणी सुनेला सांगतं का? घराघरात या एका गोष्टीवरून बोलणं तुटलेलं मी बघितलंय, आणि पोळीभाजी करणाऱ्या किती बायकांना चोर ठरवून काढून टाकलं असेल देव जाणे. ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांनी कृपा करून सुनेवर किंवा बाईवर संशय घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

अजून एक सांगायलाच हवं. आमच्या वाड्यातले एक आजोबा अचानक दोन दिवसांत बडबडायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, दुपारी बरे, रात्री परत तसेच. घरचे म्हणाले डिमेन्शिया झाला, तुमच्या माईंसारखं. मी म्हटलं नाही, माईंचं वर्षांवर्षांनी हळूहळू झालंय, हे असं दोन दिवसांत होत नाही, आधी दवाखान्यात न्या. लघवीचं इन्फेक्शन होतं आणि सोडियम खाली गेलं होतं. आठ दहा दिवसांत माणूस परत ओट्यावर पेपर वाचत बसलेला. याला डिलिरियम म्हणतात, ही इमर्जन्सी असते, यात थांबायचं नसतं. तसंच बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडचं, या दोन्हीने विसरायला होतं आणि दोन्हीवर उपाय आहे. आपल्याकडे शाकाहारी माणसं जास्त, त्यात डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली तर बी-ट्वेल्व्ह अजून कमी होतं, माईंचंही कमीच निघालं. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्याव्यात, चिठ्ठीवर विसंबू नये. आणि कान तपासावेत, ऐकू न येणं हेही डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये धरतात आता, शिवाय ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही तो उत्तर काय देणार.

देशात साठीच्या वरच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ मध्ये छापून आलाय. म्हणजे आपल्या भजनी मंडळात तीस माणसं साठीच्या वरची असतील तर त्यात दोन. पण मंडळात कोणी बोलतं का, नाही. "मेंटलच्या डॉक्टरकडे" गेलो हे सांगायची लाज. मीसुद्धा पहिले सहा महिने शेजाऱ्यांना सांगत होते की माईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय.

आता रोजचं कसं चाललंय ते. दिवसा एक मुलगी येते दाहोदकडची, फार प्रेमळ, पण ती "बा, चालो नाहवा" म्हणायची आणि माई दाराची कडी धरून बसायच्या, मारायलाही धावल्या एकदा. तेव्हा एका ओळखीच्यांनी सांगितलं शांत राहायची गोळी मागून घ्या. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, त्या प्रकारच्या गोळ्यांनी डिमेन्शिया झालेल्या वयस्कर माणसांत मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेत २००५ सालीच तशी कडक वॉर्निंग दिलेली आहे, अगदीच दुसरा इलाज नसला तर आणि थोडे दिवस, असं ते म्हणाले. मग मी त्या मुलीला दहा वाक्यं मराठीत शिकवली. "माई, चला अंघोळीला. पाणी छान गरम आहे." "माई, भूक लागली का?" "माई, मी इथेच आहे." गुजराती अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. बा नाही, माई म्हणायचं. चार दिवसांत अंघोळीचं भांडण संपलं. संध्याकाळी दिवे लागले की "मला मिरजेला जायचंय, आई वाट बघत असेल" सुरू होतं, तेव्हा आधी आम्ही समजावायचो की माई तुमची आई कधीच गेली, आणि त्या प्रत्येक वेळी नव्याने रडायच्या, जणू आत्ताच गेली. आता तसं नाही करत. मी विचारते मिरजेला घरी कोण कोण होतं, मग अंगणातला हौद, दर्ग्याजवळची सतारीची दुकानं, सगळं येतं, आणि मग हरिपाठ लावते, तो त्यांना अख्खा पाठ आहे, एक ओळ चुकत नाहीत.

म्हणून माझं मागणं असं आहे. बडोद्यात मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेज आहे, गुजरातेतल्या चार सरकारी मानसिक रुग्णालयांपैकी एक आपल्या करेलीबागेत आहे. यातल्या एका ठिकाणी तरी आठवड्यातला एक ठरलेला दिवस साठीच्या वरच्यांच्या स्मरणशक्तीसाठी ठेवावा, आणि केसपेपरवर नाव, वय, पत्ता याच्या जोडीला एक ओळ वाढवावी, पेशंटची घरची भाषा कोणती. मराठी असेल तर टेस्ट मराठीत, सिंधी असेल तर सिंधीत, हे फक्त आमच्याच लोकांसाठी मागत नाहीये, वारसियातल्या सिंधी आजीचंही तेच होत असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजाराच्या व्याख्येतच स्मरणशक्तीचा शब्द आहे, आणि पेशंटला त्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवी असंही त्यात लिहिलंय. माहिती समजेल अशा भाषेत द्यायची तर परीक्षा न समजणाऱ्या भाषेत कशी चालेल?

शहरातल्या मराठी मंडळांनाही सांगणं आहे. आपण गणपतीत दहा दिवस राबतो, दिवाळी पहाट करतो, करावंच. पण आपल्याकडे रिटायर झालेल्या मराठी शाळांच्या कितीतरी बाई आणि सर आहेत, शुद्ध बोलतात, धीराने बोलतात, पेशंटच्या नात्यातले नसल्यामुळे उत्तरं सांगून टाकणार नाहीत. त्यांना डॉक्टरांनी दोन तीन दिवस शिकवलं, की प्रश्न कसा वाचायचा, कुठे मदत करायची नाही, तर मराठी टेस्टच्या वेळी त्या दुभाषी म्हणून बसू शकतात. सयाजीरावांच्या बडोद्यात राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत निघाला होता, १९३१ साली. कोर्टकचेरीत माणसाला कळावं म्हणून तेव्हा एवढं झालं, तर आज एका पानाचा कागद मराठीत व्हायला काय हरकत आहे?

आणि तुमच्या पेपरला विनंती की टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन नंबर अधूनमधून ठळक छापत जा, टेलिमानस २० भाषांत चालतं, रात्रीही लागतं. रात्री दोनला माई दार उघडून निघाल्या होत्या तेव्हा मला कोणाशी बोलावं कळत नव्हतं.

मी काही शिक्षिका नाही, बी.कॉम. आहे, पण मराठी चांगलं वाचते आणि आवाज माईंच्या वयाच्या माणसांना ऐकू जाईल इतका मोठा आहे. कुठलंही हॉस्पिटल हो म्हणालं तर मी गुरुवारी सकाळी नऊ ते एक बसायला तयार आहे. माईंना तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या काकू सांभाळतील, तसं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा